चाऱ्याचं गाणं

ते स्थळ मला हवं होतं ते नळासाठी. मुलगा कसा आहे, काळा की गोरा, तापट की मऊ, याची चौकशी घरातले करत होते. माझं ध्यान नळावर होतं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. निमोण्यातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. उजाडायच्या आत ओढ्यातल्या झिऱ्यावर जाऊन वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि मग दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं, असा माझा दिवस होता. तशात यवतच्या एका हॉटेलात कामाला असलेला माझा थोरला भाऊ स्थळ घेऊन आला. मुलगा दौंडला रेल्वेत, लोको शेडमध्ये फिटर. आपल्या समाजातला, आईबापांना एकुलता, बिडीकाडीचं व्यसन नाही. भाऊ एकेक गुण मोजत होता आणि मी चुलीपुढं निवांत भाकरी थापत होते. उठता उठता तो म्हणाला, "आन् क्वार्टरमधी नळ हाय. घरात. नुस्ता पिळायचा, की पाणी." माझी भाकरी तव्यावर करपली.

आईनं करपलेली भाकरी बघितली आणि ओळखायचं ते ओळखलं. पण तिला वाटलं, पोरीला मुलगा आवडला. वाटेना का!

आता गाण्याचं सांगते. आमच्या खडीच्या कामावर मुकादमाकडं एक ट्रान्झिस्टर होता. चामड्याच्या पिशवीतला, बाभळीला टांगलेला. त्याच्यावर त्या वर्षी एक गाणं सारखं लागायचं. सिनेमा कुणी पाहिला नव्हता, सिनेमाचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. पण गाणं लागलं की सगळ्या बायांच्या हातोड्या थांबायच्या. गाणं असं होतं:

पीठ दिखाके जानेवाले, देख जरा ये हाल,
सूख गये ये नैन हमारे, बिखर गये ये बाल,
सावन बीता, तू ना आया, ना कोई पाती आई,
अब तो कोई चारा नहीं, ओ मेरे हरजाई!

हे गाणं दुष्काळाचं आहे याबद्दल आमच्यात कुणाला शंका नव्हती. असायचं कारणच काय? आमच्या कामावरून रोज सुकडीच्या, म्हणजे सरकारी मदतीच्या, पिठाचा ट्रक जायचा आणि आमच्याकडं न थांबता पुढच्या कामावर जाऊन थांबायचा. तोच तो, पीठ दाखवून जाणारा. देख जरा ये हाल, बघ म्हणे आमचे हाल. बाल बिखर गये, म्हणजे बालं, लेकरं पांगली. आमच्या घरातलाच एक यवतला, एक पुण्याला हमालीवर. मग पांगलीच की. श्रावण गेला तरी तू आला नाहीस, हे पावसाला. ना कोई पाती, आई! म्हणजे आई गं, गवताची चार पातीसुद्धा उगवली नाहीत. आणि शेवटी ती बाई काळीज पिळवटून सांगते की आता चारा नाही. हे ज्याला कळलं नाही त्याला हिंदी येत नाही, असं आम्ही म्हणायचो.

एक 'हरजाई' तेवढा अडला होता. तो सोडवला आमच्या शेजारच्या आप्पांनी. आप्पा जनावरांच्या बाजारात दलालांबरोबर हिंडलेले, त्यामुळं वस्तीत हिंदीचा शेवटचा शब्द त्यांचा. दलालांकडून शिकलेलं हिंदी असल्यामुळं त्यांना दात, शिंग, खूर, कास, चारा, पेंड हे शब्द पक्के येत होते आणि उरलेल्या हिंदीचा अर्थ ते याच शब्दांच्या आधारानं लावत. आप्पा म्हणाले, "हरजाई ही गाय हाय. हर म्हंजी हरणासारखी, आन् जाई तिचं नाव. चारा न्हाई म्हनून बाई गाईला हाका मारती. बाजारात न्हेऊन इकायची येळ आली आसंल."

यावर कामावरच्या अख्ख्या बाया रडल्या. मी सगळ्यांत जास्त रडले, कारण आमच्या गाईचं नाव खरोखरच जाई होतं.

तुम्ही म्हणाल, शाळेत हिंदी नव्हतं का? होतं. मी सातवीपर्यंत शिकलेली. पण आमच्या हिंदीच्या पुस्तकात किसान होता, बैल होता, आणि किसान बैलाला चारा देत होता. प्रेमात पडलेलं पुस्तकात कुणीच नव्हतं. मग प्रेमात पडल्यावर हिंदी माणसं चाऱ्याचं काय करतात ते मला कळणार कुठून?

पाहुणे यायचा दिवस ठरला. आई घर सारवत होती, आणि दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काळजी लागली होती ती गाण्याची. मुलगी बघायला आले की गाणं म्हणायला सांगायचेच. दादा आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. चाल सिनेमाची आणि शब्द समाजाचे, असा त्यांचा नियम. जयंतीला अख्खी रात्र गायचे, पण त्यात 'प्रिये' नाही की 'साजणी' नाही. त्यांनी मला बजावलं, "सिनेमातलं प्रेमाबिमाचं काई म्हनायचं न्हाई. रेल्वेची मानसं हायेत, चार मुलुखातल्या लोकांत ऱ्हात्यात. आपली पोरगी कशी इचारी वाटली पायजे."

मी म्हणाले, "दादा, मग चाऱ्याचं म्हणते."

दादा एकदम खूश. "म्हन! जनतेचं गानं हाय ते. दुखाचं हाय. म्हनताना शब्द चावू नको, आन् चाऱ्यापाशी जरा थांब. काळजाला भिडलं पायजे." दोन दिवस त्यांनी पेटीवर माझ्याकडून ते घोटून घेतलं. 'चारा'वर कुठं थांबायचं, 'हरजाई' कुठं ओढायचं, सगळं बसवलं. स्वतःच्या लेकीला तसलं गाणं शिकवून भर बैठकीत उभं करणारा बाप तालुक्यात दुसरा झाला नसेल.

पाहुणे तिघंच आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. जयभीम झाला, पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं. तेवढं पाणी पायावर ओतताना आईचा जीव कसा झाला ते मला आतून दिसत होतं. मुलाचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, कमी बोलणारे. त्याची आई मात्र जरीकाठाच्या पातळात, ताठ बसलेली, डोळे भिरभिरते. मुलाकडं मी बघितलंच नाही असं सांगायची रीत आहे. मी बघितलं. उंच होता, नखांत काळं तेल होतं, आणि घोंगडीवर बसल्यावर पायांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, सुईत दोरा ओव, सगळं झालं. मग मुलाच्या आईनं विचारलं, "गाणंबिणं येतं का?"

दादा हसून म्हणाले, "येतं की! आमच्याकडं जे चाललंय ना, तेच म्हनती बगा. मनातलं."

मी डोळे मिटले आणि सुरू केलं. त्या दिवशी सकाळीच जाईला उठवताना दोघांनी शेपटीला धरून उभं करावं लागलं होतं. ते डोळ्यांपुढं आलं. 'देख जरा ये हाल' म्हणताना आवाज कापला, आणि चाऱ्यापाशी थांबायचं शिकवलं होतं तिथं मला थांबावं लागलंच नाही, हुंदकाच आला. 'ओ मेरे हरजाई' म्हणून मी पदर तोंडाला लावला. आत चुलीपाशी आई मोठ्यानं नाक ओढत होती. दादा डोळे पुसत मान डोलवत होते.

पाहुण्यांच्या माना खाली गेल्या होत्या. मला वाटलं, भिडलं काळजाला.

मुलाच्या आईनं घसा साफ केला. "कधीपासनं चाललंय हे?"

"ह्ये दुसरं वरीस," दादा म्हणाले.

"दुसरं वरीस! आन् तुम्हाला माहीत हाय?"

"आमाला? आवो समद्या गावाला म्हाईत हाय. सरकारला म्हाईत हाय."

"सरकारला?" मुलाचे वडील पहिल्यांदाच बोलले.

"मागल्या म्हयन्यात कलेक्टर जीप घिऊन आल्तं. हितं दारात हुबं ऱ्हाऊन इचारपूस केली. ही पोरगीच बोलली त्यांच्याशी."

मुलाच्या आईनं नवऱ्याकडं बघितलं. मग जरा पुढं सरकून, हलक्या आवाजात तिनं विचारलं, "आन् तो? परत आलाच न्हाई?"

"आला आसता तर ही येळ आली आसती का? पोळ्याला येकदा तोंड दावलं आन् गेला पळून. तवापासनं पत्ता न्हाई."

"कुठला म्हणायचा तो?"

दादांनी बोट वर केलं. "वरचा."

आता आमच्या घराच्या वरच्या अंगाला चढ होता आणि चढावर गावातल्या मोठ्या लोकांची आळी होती. तिला सगळे वरची आळीच म्हणायचे. पाहुणे एसटीतून उतरून तिथूनच खाली आले होते. मुलाच्या आईचा चेहरा उतरला. "वरचा! मग त्याला कुणी जाब विचारला न्हाई?"

"त्याला कोन इचारनार, बाई? त्याच्याफुडं कुनाचं चाललंय? त्याच्या मनाला यील तवा यील. आपन वाट बगायची." दादा देव मानत नव्हते, पण पावसाविषयी बोलताना त्यांची भाषा जरा भाविक व्हायची.

तेवढ्यात आमची आई दाराशी आली. पोरीची बाजू घ्यावी असं तिला वाटलं असणार. "येकल्या तिचंच न्हाई हो. त्याच्यापायी गावातल्या समद्या बायांचे हाल झाल्यात. माजे सुदिक."

मुलाच्या वडिलांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मुलाच्या आईनं शेवटचा प्रश्न विचारला. आवाज अगदी थंड होता. "आन् उद्या लग्न ठरलं, आन् तो परत आला, तर?"

दादांचा चेहरा असा उजळला! "आला तर? सोनं व्हईल, सोनं! समदं गाव वाजतगाजत सामोरं जाईल. ही पोरगी तर सगळ्यांच्या आदी नाचंल. माजं तर म्हननं हाय, लग्नाच्या आदी आला तर लय ब्येस. आन् अगदी लग्नाच्या दिवशी मांडवात आला, तरी आमची काई तक्रार न्हाई."

मुलाची आई उठली. "चला," म्हणाली. चहाच्या कपबश्या तशाच. वडील उठले, त्यांनी दादांना घाईत नमस्कार केला आणि दोघं बाहेर पडली. दादा 'अवो, चहा, पोहे' करत मागं धावले. मला काहीच कळेना. एवढंच कळलं की दौंडचा नळ चढ चढून निघाला आहे.

मला आला राग. दूध शेजारून मागून आणलेलं, पोहे भावानं यवतहून आणलेले, आणि यांनी कपाला हात लावला नाही! मुलगा मागं राहिला होता, उंबऱ्यावर चपलेचा अंगठा शोधत. मी सगळी रीत गुंडाळून ठेवली आणि सरळ त्याला म्हणाले, "गरिबी बघायची नव्हती तर दुष्काळात पोरगी बघायला येऊ नये माणसानं. च्या तरी प्यायचा होता."

तो दचकला. मग म्हणाला, "गरिबीचं न्हाई ओ. ते गाणं... कुणावरनं म्हणलं तुम्ही?"

"कुणावरनं म्हंजी? आमच्या जाईवरनं."

"जाई कोण?"

"या. दावते."

मी त्याला घरामागं नेलं. जाई बसली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि पुढ्यात रिकामी गव्हाण. गोठ्याचं अर्धं छप्पर तिला घालून झालं होतं, म्हणजे छपराचं पाचट काढून आम्ही तिला चारलं होतं, तिथून वर आभाळ दिसत होतं. मी म्हणाले, "ही जाई. हिला चारा न्हाई. मग मी काय गाऊ?"

तो गाईकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, बरा आहे मनानं. बघते तर हसत होता. छपराच्या मेढीला धरून, ओठ दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी गव्हाणीशेजारचा चाऱ्याचा रिकामा हारा उचलला होता, तो त्याच्या डोक्यात बसायचाच बाकी होता.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "पीठ म्हंजी काय?"

"पीठ म्हंजी पीठ," म्हणत मी त्याला पिठाच्या ट्रकापासून गाईपर्यंत सगळा अर्थ सांगितला.

"पीठ म्हंजी पाठ. पाठ फिरवून गेला तो. बाल म्हंजी केस. पाती म्हंजी चिठ्ठी. तुमची आई न्हाई त्याच्यात, 'आली' म्हणायचंय तिला, चिठ्ठी आली न्हाई. हरजाई म्हंजी बेइमान माणूस. आन् चारा म्हंजी..." इथं त्यानं गाईकडं बघितलं आणि जरा गंभीर झाला. "चारा म्हंजी इलाज. दुसरा इलाज न्हाई, म्हणती ती. तिचा माणूस तिला सोडून गेलाय. सिनेमात ती बागेत हिंडत म्हणती."

"बागेत? गवत हाय का तिथं?"

"गुडघ्याएवढं. हिरवंगार."

"एवढ्या गवतात उभी राहून चारा न्हाई म्हणती? आन् केस इस्काटले म्हणून रडती? फणी न्हाई तिच्याकडं?" मला त्या न पाहिलेल्या बाईचा असा संताप आला! "तुमचा अर्थ खोटा हाय. आमचाच खरा."

तो काहीतरी म्हणणार होता, पण चढावरून त्याच्या आईची हाक आली. पहिली हाक नुसती होती, दुसरी घाबरी होती. तो पळाला. आणि मग, गव्हाणीपाशी एकटी उभी असताना, एकेक शब्द उलगडत माझ्या डोक्यात शिरला. तिचा माणूस तिला सोडून गेलाय. कधीपासनं चाललंय हे. कुठला म्हणायचा तो. वरचा.



संध्याकाळी मी आईला सांगितलं, आईनं दादांना. दादा आधी हसले. मग त्यांना आपलं बोलणं आठवायला लागलं. एकेक वाक्य आठवलं की ते "आई गं" म्हणायचे. 'कलेक्टरशी पोरगीच बोलली' आठवलं तेव्हा ते आडवे झाले. 'मांडवात आला तरी तक्रार न्हाई' आठवलं तेव्हा त्यांनी तोंडावर घोंगडी ओढून घेतली. घोंगडीतूनच म्हणाले, "उद्याच दौंडला जातो. समदं उलगडून सांगतो."

"काय सांगशीला?" आई म्हणाली. "वरचा म्हंजी पाऊस व्हता? कुणाला पटंल? आन् माजं काय सांगशीला? माजे सुदिक हाल झाल्यात म्हनलं मी! ह्या वयात!"

दादा गेले नाहीत. दौंडहूनही काही कळलं नाही. आप्पा येऊन बसले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यो पोरगा चुकतोय. मी हिंदी मानसांत बसलेला हाय. पन्नास दलाल बोलताना आयकल्यात, चारा म्हंजी चाराच." मी म्हणाले, "आप्पा, ते दलाल कधी प्रेमात पडलेले बघितले का तुम्ही?" आप्पांनी विचार केला. "येक पडला व्हता. पन त्यानं चाऱ्याचं काई काढलं न्हाई." आणि ते तंबाखू मळत निघून गेले.

मी कामावर जात होते. गाणं लागलं की बाया हातोड्या थांबवायच्या, मी आणखी जोरानं खडी फोडायचे. मला खरा अर्थ कळला होता आणि तो सांगायची हिंमत होत नव्हती. एवढ्या बायांचं गाणं कशाला मोडायचं? पण मनात म्हणायचे, बाई, तुझ्यापायी माझा नळ गेला. मग नळावरून मन त्या काळ्या नखांवर जायचं, मेढीला धरून हसणाऱ्या त्या खांद्यांवर जायचं, आणि मला रडू यायचं. आता नळासाठी रडत नव्हते, हे मला कळत होतं. माझ्याविषयी त्यांच्या घरात काय बोलत असतील, या विचारानं अन्न गोड लागत नव्हतं. आणि दुसऱ्या गावाला ही कथा गेली, तर पुढं कोण येणार होतं दारात?

असे बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी आमच्या दारापुढं ट्रक थांबला. वस्तीतली पोरं ओरडत धावली, त्यांना वाटलं सुकडी आली. ट्रकात उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, होतं. हिरवंगार, वरपर्यंत रचलेलं. आणि वाढ्यावर बसून, केसांत पाचट, सदऱ्यावर रसाचे डाग, असा तो. दौंडच्या लोको शेडचा फिटर.

दादा घोंगडी टाकून बाहेर आले. "तुमी? ह्ये काय?"

"पाटसला दोस्ताचं गुऱ्हाळ हाय. कालव्याखाली ऊस हाय त्यांचा. वाढं पडूनच होतं," तो उतरता उतरता म्हणाला. "पत्र टाकणार होतो. पण पत्र काय जाई खाणार हाय?"

दादांना पुढं विचारवेना. त्यानंच सांगितलं. दौंडपर्यंत एसटीत तो आईला समजावत होता आणि अख्खी एसटी ऐकत होती. वरचा म्हणजे पाऊस, म्हटलं तर आई म्हणाली, तुला कुणी पढवलं? गाय दाखवली, म्हटलं तर म्हणाली, गाय काय कुणीही दाखवेल. आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी त्याचे वडील बोलले. "अगं, पोरीच्या भानगडी बघायला कलेक्टर कशाला यील? तो दुष्काळ बघायलाच आला असणार." तेव्हा कुठं पटलं. आणि पटल्यावर त्याची आई म्हणाली होती, "गाईसाठी जी एवढी रडली ती सासूसाठी थोडी तरी रडंल. हो म्हणून कळव."

आमची आई दाराआड उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला. या वेळी मात्र एक शब्द बोलली नाही.

दादांनी घाईघाईनं सदरा सारखा केला. "मंग आमचं बी व्हय हाय," ते म्हणाले. "तारीख..."

"थांबा," तो म्हणाला. "त्यांना इचारा."

"कुनाला?"

"त्यांना. पसंत हाय का."

आमच्या घरात कधी कुठल्या मुलीला कुणी असं विचारलं नव्हतं. आत्याला नाही, आईला नाही. दादांना ते कसं विचारतात तेही माहीत नव्हतं. ते घरात बघून, कुणा परक्या बाईशी बोलावं तसे म्हणाले, "काय गं, तुजं काय म्हननं हाय?"

मी उंबऱ्यात आले. सगळी वस्ती बघत होती. 'व्हय' म्हणायला तोंड उघडेना आणि नुसती मान हलवायची तर एवढा ट्रक भरून आणणाऱ्या माणसाला ते फारच थोडं झालं असतं. मी त्याच्याकडं बघून, त्यानं शिकवलेल्या अर्थानं म्हणाले, "अब तो कोई चारा नहीं."

दादा खवळले. "डोळे फुटले का तुजे? टरकभर चारा दारात पडलाय आन् न्हाई म्हनती!"

तो असा हसला की उभं राहता येईना. खाली टाकलेल्या वाढ्याच्या भाऱ्यावर धपकन बसला आणि पोट धरून हसत राहिला. मीही हसत होते, रडत होते, पदर कुठं होता त्याचं भान नव्हतं. घरामागून जाई आली होती. कुणी शेपटीला धरून उठवली नव्हती, वासावर आपली आपण उठून आली होती. तिनं त्याच्या मांडीखालचं वाढं तोंडात धरलं आणि ओढायला लागली. तो उठेचना, हसतच होता, आणि ती ओढतच होती.

दादा पुढं झाले आणि त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "आवो जावईबापू, उठा. तिला खाऊ द्या."